रंजीचा डावा हात

मार्गशीर्ष लागला की किन्हवलीच्या पट्ट्यात सकाळ आळसावते. सूर्य वेळेवर निघतो, पण दव त्याला वाट देत नाही. त्या रविवारीही कापून रचलेल्या भाताच्या उडव्यांवरून पाणी ठिबकत होतं, बांधावरचा आंबा अर्धाच दिसत होता आणि जनाबाई कमरेत वाकून खळं सारवत होती. शेणकाल्यातून तिचा हात गोल फिरायचा, मागे ओली चकचकीत कमान उमटायची. तिचा नवरा विठू झोडणीची फळी दोन दगडांवर नीट बसवत होता. ऊन तापलं की शेतातले भारे खळ्यावर आणायचे आणि संध्याकाळपर्यंत जमेल तेवढं झोडायचं, असा बेत.

"रंजे, पाण्याची बादली आण गो."

रंजिता ओट्यावर बसून होती. डाव्या हाताला बापाचा जुना पंचा गुंडाळलेला, उजव्या हातात मोबाईल.

"आये, एक हातानं कशी आणू?"

"एक हातानं मोबाईल बरा चालतोय," जनाबाई न बघताच म्हणाली आणि स्वतः उठली.

हे ऐकून रंजिताला लागलं. कारण बसून खाणारी पोर ती नव्हे. अंगापिंडाने बापासारखी उंच, खांद्याने रुंद. सातवीत असल्यापासून पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन बांध ओलांडणारी. शहापूरच्या कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिथल्या मुली तिला हसत हसत 'पैलवान' म्हणायच्या, आणि बस सुटायला आली की तिलाच पुढे घालायच्या. बोलायला फटकळ. मनात आलं की ओठावर. मास्तर असो की कंडक्टर, रंजिता सांगून मोकळी.

त्या भरभक्कम अंगाचा खरा उपयोग गेल्या थंडीत झाला होता. तिची मैत्रीण अनिता, उंबरमाळीकडच्या ठाकरवाडीची, शहापूरला वसतिगृहात राहणारी. चणीने एवढीशी. तिला सिकलसेलचा आजार. एरवी हसतीखेळती, पण ताप आला, सर्दी छातीत उतरली की हाडं आतून कोणी पिळतंय असं व्हायचं. गेल्या पौषात वर्गातच तिला तशी कळ आली. रिक्षा कुठे दिसेना. रंजिताने सरळ तिला पाठुंगळी मारलं आणि बाजारातून, भाजीवाल्यांना ओरडून बाजूला करत, दवाखान्यापर्यंत पळत नेलं. अनिता कितीतरी दिवस दवाखान्यात पडून होती. परत आली तेव्हा ओढणी आधीपेक्षा मोठी वाटायला लागली होती.

म्हणून यंदा कॉलेजात फ्लूच्या लसीचं शिबिर लागलं, एक दिवस शुक्रवार आणि एक दिवस सोमवार, तेव्हा रंजिताला पहिल्यांदा अनिताच आठवली. पण कॉलेजात लसीच्या आधी लसीचे व्हिडिओ येऊन पोचले होते. एकात पांढरा कोट घातलेला कोणी माणूस बोट नाचवत सांगत होता की ही लस परदेशात कधीच बंद झाली. एकात मागे ढोल वाजत होते आणि लाल अक्षरं आडवी पळत होती. मुलांच्यात कुजबूज होती की पुढे पोरंबाळं होत नाहीत. सर येऊन चांगलं तासभर बोलले, पण सरांच्या बोलण्याला संगीत नव्हतं. मुली खाली मान घालून तेच व्हिडिओ बघत बसल्या.

अनिता घाबरली होती. "माज्या रगतात आधीच खोट," ती म्हणाली, "त्यात आनखी काय घालू?"

तेव्हा रंजिताने तो सौदा केला. "हे बघ, शुक्रवारी मी घेते. मला काय झाला नाय तर तू सोमवारी घे. माजा हात बघ नि ठरव."

"नि तुला काय झाला तर?"

"मला काय होतंय?"

शुक्रवारी ती रांगेत पहिली उभी राहिली. डाव्या दंडात सुई टोचली, कापूस दाबला, अर्धा तास बाकावर बसली. काही झालं नाही. घरी आली तर जनाबाई रानात, विठू गिरणीवर. परसातल्या वालाच्या वाफ्याला कूड घालायची राहिली होती, शेजारची शेरडं रोज डोकावत होती. रंजिताने कोयता घेतला, बापाचा पंचा खांद्यावर टाकला आणि बांधापलीकडच्या करवंदीच्या जाळीतून काट्या तोडून आणल्या. मोळी डाव्या खांद्यावर, खाली पंचाची घडी. दिवस मावळत आला होता.

घरी येऊन मोळी टाकते न टाकते तोच हाताची आग सुरू झाली. आधी टोचलं होतं तिथे, मग कोपरापर्यंत. लालभडक गांधी उठल्या. खाजवलं की वाढायच्या.

एरवी रानातून आल्यावर अशी आग झाली असती तर शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं काय ते. पण रंजिताच्या डोक्यात आठवडाभर ते ढोल वाजत होते. हात बघताच तिच्या डोळ्यांपुढे रान आलंच नाही, आली ती सुई. तेवढ्यात तिचा चुलत भाऊ किशोर पाणी मागायला म्हणून आला. हा मुरबाडच्या कॉलेजात. अभ्यासापेक्षा त्याचं मोबाईलवरचं पान मोठं. डोंगरातले धबधबे, बैलगाड्यांच्या शर्यती, कुणाच्या हळदीतले नाच असं काहीबाही टाकायचा, आणि दोन तालुक्यांतली पोरं ते बघायची.

"रंजे, ह्या काय गो?"

"लस घेतली सकाळी. बघ ना कसा झालाय."

किशोरने हात बघितला, पण मोबाईलमधून बघितला. फोटो काढला, लाल रंग जरा वाढवला, खाली लिहिलं, 'माझ्या बहिणीने आज शहापूरला लस घेतली. निकाल तुमच्यासमोर.' आणि दिला सोडून.

रंजितानेही तेव्हा अडवलं नाही. उलट तिने स्वतः अनिताला आवाजी निरोप पाठवला. "अनिते, तू नको घेऊ गो. माजा हात बघ. तू नकोच घेऊ." निरोपापुढच्या दोन्ही खुणा लगेच निळ्या झाल्या. शनिवारी सकाळी अनिता वसतिगृहातून सामान उचलून थेट घरी निघून गेली.

जनाबाईने परत आल्यावर विचारलं, तेव्हा हातावर हळदीचा जाड लेप चढलेला आणि वर ऊब म्हणून तोच पंचा बांधलेला. "कोणी सांगतला होता सुई टोचून घ्यायला?" एवढं बोलून ती चुलीकडे वळली. शनिवारभर आग काही थांबली नाही. बरं वाटेल म्हणून रंजिता पंचा सोडून पुन्हा घट्ट बांधायची.

आणि मोबाईल तर गप्प बसायला तयार नव्हता. तिचा हात शाई नदी ओलांडून मुरबाडला जाऊन, दुसरेच कपडे घालून परत आला होता. आता त्याच्यामागे ढोल होते, लाल अक्षरं होती, आणि कोणी बाई कापऱ्या आवाजात सांगत होती की मुलगी गंभीर आहे, हे पुढे पाठवा. रविवारी सकाळी, खळं सारवणं चालू असतानाच, मुरबाडहून तानीआत्याचा फोन आला. ती हुंदके देतच बोलत होती.

"रंजे, माजे बाय, हात कापला म्हंतात तुजा."

"आत्या, त्याच हातात फोन धरलाय मी."

पलीकडे आत्याने नाक शिंकरलं. मग म्हणाली, "मंग कोनाचा कापला?"

रंजिताला हसू आलं नाही. तिला अनिताचाच घोर लागला होता. वाटत होतं, बरं झालं आपण आधी घेतली, अनितावरचं आपल्यावर निभावलं. आणि लगेच वाटायचं, आता ह्या थंडीत तिला काय झालं तर तिला वाचवायला काहीच उरलं नाही. दोन्ही बाजूंनी जीव टांगलेला.

ऊन वर आलं तशी जनाबाई भारे आणायला उठली. चुंबळीला फडकं शोधलं, सापडेना.

"तो पंचा दे इकडं. बांधून बांधून काय हात नवा येनार हाय?"

तिने रंजिताच्या हातावरून पंचा ओढला, पिळून वेटोळं केलं, डोक्यावर ठेवलं आणि शेताकडे चालती झाली. पहिला भारा आणून टाकला. दुसरा घेऊन येताना तिचा एक हात सारखा मानेकडे जाऊ लागला. तिसऱ्या खेपेला भारा बांधावरच आपटला आणि जनाबाई मान, कान, गळा ओरबाडत खळ्यावर धावत आली.

"आगं आगं आगं, कुयली. कुठं लागली ही मला?"

विठूने फळी सोडली. "भाताच्या शेतात कुयली कुठली? तुजी मान तर पार लाल झाली."

जनाबाईने चुंबळ ओरबाडून काढली. एक टोक चिमटीत धरून तिने पंचा उन्हापुढे नेला आणि हलकेच हलवला. उन्हात बारीक सोनेरी लव उडाली, मांजराच्या अंगावरची असावी तशी. खाजकुयलीच्या शेंगेवरची लव. वाळली की नुसत्या वाऱ्याने सुटते, कापडात बसली की धुतल्याखेरीज निघत नाही.

तिने पंचाकडे बघितलं. मग रंजिताकडे. मग रंजिताच्या हाताकडे.

"हा कुठं नेला होतास?"

"शुक्रवारी," रंजिताचा आवाज बारीक झाला, "काट्या आणायला. करवंदीच्या जाळीत."

"जाळीवर येल हाय तिचा. वाळल्या शेंगा लोंबतात, शेरडं पन बाजूनं जातात." जनाबाईने गळ्यावर ओलं शेण थापायला घेतलं. "मी म्हंते, तुज्या कालेजातली सुई मला कवा टोचली? मी तर शहापूरला दिवाळीनंतर गेलेच नाय."

विठू आधी तोंड दाबून हसला, मग त्याला आवरेना. तो फळीवरच बसला. रंजिताही हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. लस नव्हे. सुईने काही केलेलं नाही. टोचलं तिथे तेवढं दुखलं होतं, बाकीचं सगळं तिने स्वतः, आपल्या हाताने, दिवसातून चार वेळा घट्ट आवळून बांधलं होतं. कितीतरी वेळाने तिने पोटभर श्वास घेतला.

मग तिला अनिता आठवली आणि ती उठून उभी राहिली.

अनिताचा फोन लागेना. तिच्या वाडीत टेकडीवर चढल्याशिवाय रेंज नाही. रंजिताने किशोरला बोलावून घेतलं. तो आला, काकूची शेणाने माखलेली मान बघितली, पंचा बघितला आणि ओट्याच्या कडेला टेकला.

"मी माज्या पानावरचा फोटो काढून टाकला बघ. आत्ता काढला," तो म्हणाला. "पन लोकांच्यातला कसा काढू?"

"टाकलास कसा?"

"टाकायला काय, एक बोट लागतंय."

त्याने नवा व्हिडिओ करू म्हटलं. जनाबाई तशीच शेण फासलेली समोर उभी राहिली आणि मोबाईलकडे डोळे वटारून म्हणाली, "ही लस नाय, ही कुयली. माज्या पोरीला कुयली वळखता आली नाय, त्यात सुईचा काय दोष?" किशोरने तो टाकला. संध्याकाळपर्यंत थोड्याच लोकांनी बघितला. खाली एकाने विचारलं होतं, काकूंना किती दिले? बाकीच्यांना शेणाचंच हसू आलं होतं. हात मात्र अजून फिरत होता. आता तो नाशिकच्या मुलीचा झाला होता.

"सोड ते," रंजिता म्हणाली. "सकाळी गाडी काढ. उंबरमाळीला जायचा."

सोमवारी पहाटेच्या दवात दोघं निघाली. पंचा प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ, गाठीवर आणखी एक गाठ. हमरस्त्याला लागल्यावर किशोरने गाडी जरा हळू केली. मग म्हणाला, "ती मला शिव्या देईल का गो?"

"दिल्या तर घे."

गाडी खाली ठेवून दोघं पायवाटेने वर चढली. अनिता अंगणात सुपात वरी पाखडत होती. बाजूला तिची आजी ठकी उन्हाला पाठ देऊन बसलेली. अनिताने वर बघितलं, सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा रंजिताचा डावा हात धरला. बाही वर केली. गांधी बसल्या होत्या, फक्त खाजवल्याचे ओरखडे उरले होते.

"हाय की हात," ती म्हणाली. "मी दोन दिस हितं रडतेय."

रंजिताने पिशवीची गाठ सोडली. अनिता वाकली आणि लगेच मागे झाली. "टाक ती लांब. कुयली हाय." मग तिने रंजिताकडे बघितलं, किशोरकडे बघितलं आणि जी हसायला लागली, ती आजीच्या मांडीवर डोकं ठेवूनच थांबली. "पैलवान ती पैलवान. भातवाल्यांची पोर, कुयलीला फसली."

"फसले," रंजिता म्हणाली. "आता चल. आज शेवटचा दिस हाय."

अनिताचं हसू हळूहळू ओसरलं. तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"तू नको म्हनलीस तवा मी लगेच मानला. आता तू चल म्हंतेस. दर टायमाला तुज्याच हाताकडं बघून चालू का?"

रंजिता आजीशेजारी मातीत बसली. किशोर उगाच कोंबड्यांकडे बघत राहिला.

"ती सुई दुखली का?" ठकीआजीने विचारलं.

"दुखली, आजी. सुईनं म्हनून दुखला तो एक दिस. जड भारा उचलल्यावर दुखतो तसा हात. ते खोटा नाय सांगनार."

अनिताने वरी एकदा पाखडली, कोंडा उडाला. दुसऱ्यांदा पाखडली. मग ती कोणाकडे न बघता बोलली. "सिकलचे डाक्टर पावसाळ्यात बोलले होते. थंडी लागायच्या आधी ही लस घे म्हनून. तवा ना हा हात होता, ना तो व्हिडिओ. समोर बसून बोलले, माजी नाडी धरून. तेच नेमका विसरले मी." तिने सूप आजीकडे सरकवलं. "आजी, ही पाखडून ठेव. मी शहापूरला जाऊन येते."

"डबा बांधू का?"

"नको. ही पैलवान खाऊ घालेल."

किशोरला रंजिताने पुढे पिटाळलं. "जा, सिस्टरना सांग, एक पोरगी येतेय, पेटी बंद करू नका म्हनावं. तिथंच उभा ऱ्हा, नि मोबाईल खिशात ठेव." त्या दोघी खाली येऊन जीपने निघाल्या. जीप वाटेत दोनदा माणसं भरायला थांबली, आणि दोन्ही वेळा रंजिताने ड्रायव्हरला बोलून घेतलं.

कॉलेजात पोचल्या तर शिबिराच्या खोलीत शुकशुकाट. शुक्रवारी जिथे रांग होती तिथे रिकामी बाकं. सिस्टर लसीच्या पेटीजवळ बसल्या होत्या आणि किशोर दारात असा उभा होता, जणू कोणी पेटी पळवून नेणार आहे.

"हा भाऊ दुपारपासून मला जेवायला पण जाऊ देत नाही," सिस्टर म्हणाल्या.

पाठोपाठ वर्गातल्या सातआठ मुली आल्या. रंजिता जिवंत परत आल्याची बातमी लागली होती. "तो हात तुझाच का गं?" एकीने विचारलं. रंजिताने बाही वर केली. मुलींनी हात दाबून बघितला, फिरवून बघितला. रंजिताने पंचाची सगळी गोष्ट सांगितली, आईच्या मानेसकट. कोणी हसलं, कोणी म्हणालं, असेल, पण घरी विचारून सांगते, आणि निघून गेलं. दोघीतिघी बाकावर टेकल्या.

अनिताने सिस्टरना सिकलसेलचं सगळं सांगितलं, त्यांनी विचारलं त्याची उत्तरं दिली, आणि खुर्चीत बसली. सुई टोचताना तिने खिडकीबाहेर बघितलं. रंजिताने मात्र सुईकडे बघितलं, अगदी कापूस दाबेपर्यंत. मग बाकावर अर्धा तास. किशोर बाहेरून कागदात गरम भजी घेऊन आला आणि दोघींच्या मध्ये ठेवली.

"ह्याला माफ करू?" रंजिताने विचारलं.

"भजी संपल्यावर बघू," अनिता म्हणाली.

संध्याकाळी रंजिता घरी आली, जेवली आणि अशी झोपली की विठूने हाका मारूनही उठली नाही. मंगळवारी सकाळी पुन्हा तेच दव, तेच पाणी ठिबकणं. वसतिगृहातून अनिताचा आवाजी निरोप आला होता. रंजिताने तो चुलीपाशी, आईच्या बाजूला बसून ऐकला.

"हात दुखतोय, पन हालतोय. ताप नाय. रात्री झोप लागली, पोहे खाल्ले. आता तासाला चालले. नि बाई, हा पुढं कुनाला पाठवू नको."

जनाबाईने तवा उतरवला. "बरी हाय ना पोर?"

"बरी हाय."

"मंग ऊठ. शेरडं रात्री वालात शिरली होती. तुजी कूड अर्धीच ऱ्हायलीय."

रंजिताने मोबाईल कोनाड्यात पालथा ठेवला. परसात शुक्रवारची मोळी तशीच पडून होती. तिने कोयत्याच्या टोकाने मोळी उलगडली. एका काटीला वाळका वेल अजून गुंडाळलेला होता, त्याला दोन शेंगा. ती काटी तिने लांब काठीने ढकलत बांधाच्या कडेला नेली आणि पेंढ्याची मूठ पेटवून वर टाकली. मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी राहून उरलेल्या काट्या एकेक करून चाळल्या. नीट दिसली ती पहिली काटी तिने वाफ्याच्या कडेला दोन्ही हातांनी रोवली आणि दुसरी उचलली.